चौथ्या डब्याचं आवतण

१

एसीवाल्याला घरात खुर्ची कुणी देत नाही, स्टूल देतात. तो बसायला येत नाही, चढायला येतो. गेली बरीच वर्षं मी शहरातल्या गारखेडा भागात बंगल्या-बंगल्यांतून अशा स्टुलांवर उभा राहून लोकांच्या भिंतींच्या कानात बोटं घातली आहेत. एका वकिलाच्या एसीतून मी चिमणीचं घरटं काढलं, तर आत चिमणी स्वेटर विणत बसलेली. खोटं वाटत असेल तर वकिलाला विचारा. तो वारला, ही गोष्ट वेगळी.

बंगल्यांचं काम उन्हाळ्यापुरतं. बारमाही काम मिळालं ते चितेगावच्या पुढं, पैठण रोड सोडून आत. तिथं एका कंपनीनं माळावर सोलरच्या पाट्या लावल्या आणि पाट्यांच्या शेजारी पांढरे डबे मांडले. डबे म्हणजे मालगाडीच्या डब्याएवढे, लोखंडी, एका रांगेत. आत कपाटं आणि कपाटांत बॅटऱ्या. दिवसभर पाट्या ऊन पितात, त्याची वीज डब्यांत भरून ठेवायची, आणि दिवेलागणीला सगळं शहर एकदम बटणं दाबायला लागलं की ओतून द्यायची. अशी साठवणीची कामं आता जगभर निघाली आहेत म्हणे. चीनमध्ये तर गावंच्या गावं डब्यांची. माझ्या थोरल्या बहिणीनं, आवडाक्कानं, माझं हे सगळं व्याख्यान ऐकून एका वाक्यात उरकलं होतं, "म्हंजे रांजणच की रं. उन्हाचा."

आता बॅटरी भरताना तापते आणि रिकामी होतानाही तापते. फार तापली तर पेटते. म्हणून प्रत्येक डब्याच्या पाठीला एसी, आणि एसींच्या पाठीला मी. फिल्टर झाडायचे, गॅस बघायचा, कॉम्प्रेसर ऐकायचा. ऐकायचा, हो. डॉक्टर पोटाला नळी लावतो तसं. डब्यांच्या रांगेत उभं राहिलं की चहूकडून घूं असा एकच सूर यायचा, पेटीवाल्यानं एकच पट्टी दाबून झोपी जावं तसा. माझ्या दाढांना तो सूर पाठ झाला होता.

फाटकावर राखणीला माझे दाजी होते, नानासाहेब. आवडाक्काचे यजमान. माळ त्यांचाच. कंपनीनं तो भाडेपट्ट्यानं घेतला आणि वर राखणदाराची नोकरी दिली. जमीन गेल्यावर बैलांना काम उरलं नाही, म्हणून पाखऱ्या आणि हौशा सोयगावच्या एका शेतकऱ्याला दिले. त्या दिवशी दाजी मोकळं दावं हातात धरून ओट्यावर बसले. संध्याकाळी आक्का ते काढून घ्यायला गेली तर त्यांची बोटं उघडेनात. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायला मला लई आवडतं, पण हे नाही.

२

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझी साइटवर चक्कर होती. दुपार कलली होती. ढग होते, पाऊस नव्हता. दाजी वाटीत हळद-लोणी कालवत उभे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-लोण्यानं चोळून मऊ करायचा, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

"दाजी, वाटी हाय, बैल कुठंत?"

"हाय की." त्यांनी हनुवटीनं चौथा डबा दाखवला. तो उभा होता तिथंच पूर्वी त्यांचा गोठा होता.

"आरारारा! ह्याला शेपूट कुठून लावायची? आन् गोंडे?"

"हसा मेव्हणं, हसा." दाजी वाटी घोटत म्हणाले. "ज्याच्या जिवावर घरात भाकर, त्याला आवतण. आधी ते दोघं व्हते, आता ह्यो हाय. आवडी म्हणती, मातीचे बैल करून पुजा. मातीनं काय केलंय माझ्यासाठी? गप पडून ऱ्हायली अन् भाड्यानं गेली."

तेवढ्यात साइटचे इंजिनियर व्यंकटराव साहेब बाहेर आले. शहरातलं घराणं. यांचे पणजोबा निजामाच्या कचेरीत फारसीत लिहायचे, पोलीस ॲक्शननंतर आजोबा तेच मराठीत लिहायला लागले, आणि नातू आता नुसता कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत बसतो. माणूस चांगला. लहानसहान गोष्टीला खळखळून हसायचा.

"नानासाहेब, लोणी दाराच्या फटीत जाऊ देऊ नका हं. मुंग्या येतील."

"येऊ द्या साहेब," मी म्हणालो, "त्यांचा बी पोळाच हाय."

साहेब पोट धरून हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी डब्याचे पुढचे दोन कोपरे चोळायला घेतले. सावकाश, बोटांनी गाठी शोधत. पत्र्याला गाठी नसतात. तरी दाजी एका जागी थांबले, परत चोळलं आणि म्हणाले, "हितं दुखतंय त्याला." मग पत्र्याशी तोंड नेलं.

"आज आवतण घ्या. उद्या जेवायला या."

आणि चौथ्या डब्याचा एसी थांबला.

कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा एकदा थडथडतो, उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. हा थडथडला नाही. बोलणारा माणूस दुसऱ्याचं ऐकायला गप्प होतो, तसा गप्प झाला. शेजारचे डबे घूं करत होते आणि मधेच ही एक शांत जागा, पडलेल्या दातासारखी.

"आत पुरेसं गार झालं की थांबतो," मी म्हणालो. "थांबायलाच हवा."

"बरोबर," व्यंकटराव म्हणाले.

दाजी वाटी पुसत होते. "ऐकलं त्यानं," ते म्हणाले.

३

पोळ्याला आक्कानं मला जेवायला बोलावलं होतं. तिचं घर साइटच्या मागंच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब. गावातून "चाहूर चांगभलं" अशा आरोळ्या येत होत्या. राहिलेले चार बैल आणि फुगे लावलेले ट्रॅक्टर असा सगळा पोळा.

बैल दारात आले की घरची बाई त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी भरवते, मगच घरचे जेवतात. आक्का ताट आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. समोर रिकामं अंगण.

"आक्का, क्रेन बोलावू का? डबा चालत यायचा नाय."

"गप रं काक्या. ह्यांनी आवतण दिलंय, मग जरा वाट बघायला आपलं काय जातंय?"

"आलाच, तर पाय कुठले धुशील?"

"तुझे धुते. तू बी तसाच, पोकळ अन् आवाज करणारा."

ती हसली. मीही हसलो. तिनं उंबऱ्यावर पाणी सोडलं, रिकाम्या अंगणाला ओवाळलं आणि पुरणपोळीचं पान खाली ठेवून त्यावर चुलीवरचं कढतं तूप ओतलं. मग ती बाजूला सरकली. पदर ओढून घेत, चौकटीला पाठ लावून. दारातून बैल आत घ्यायचा असतो तेव्हा बाई सरकते तशी.

"कुणाला वाट दिलीस गं?"

"आं?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय की. सरकावं वाटलं."

ओवाळणीच्या दिव्याची ज्योत घराकडं वाकली होती. बाहेरचा वारा आतच येणार, मी मनात म्हणालो.

आम्ही जेवायला बसलो. पोळी तव्यावरून थेट पानात आली, ती गार. आमटी उकळताना मी स्वतः पाहिली होती, वाटीत आली ती गार. ठेचा तिखटच नव्हता.

"आक्का, मिरच्या गुळात मुरवल्या का?"

"त्याच हायत. मागच्या खेपेला रडला व्हतास."

दाजी खाली मान घालून खात होते. हात धुवायला उठलो तेव्हा माझं लक्ष उंबऱ्यातल्या पानाकडं गेलं. तूप थिजून पांढरं झालं होतं. श्रावणातल्या भर दुपारी, घाम पुसत बसायच्या वेळी. मी नखानं खरवडलं तर मेणाचा पापुद्रा निघाला. फरशी गार असेल, मी म्हणालो. दार उत्तरेला आहे. आणि स्वयंपाकघरातून फ्रिजचा घूं असा आवाज येत होता, छान, एका सुरात.

"फ्रिज मस्त चाललाय की गं."

"कुठला? त्यो तर बिघडलाय," आक्का म्हणाली. "तू आलास की दाखवायचा म्हणून वायर काढून ठेवलीय."

४

पुढच्या चकरेला ऊन कडक पडलं होतं. सगळे एसी धापा टाकत होते. चौथ्याचा एसी बंद. व्यंकटराव माझी वाट बघत उभे होते. आम्ही दार उघडलं.

आत गार होतं. एसीच्या गारव्याला वास असतो, ओल्या टॉवेलसारखा. याला वास नव्हता. ती थंडी कुणी सोडलेली नव्हती. आतली ऊब कुणीतरी काढून घेतली होती, एवढंच. कपाटांवर हिरवे दिवे लुकलुकत होते. सगळं ठीक.

"एसी बंद आणि एवढं गार?" व्यंकटराव म्हणाले.

"मेकॅनिक भारी हाय साहेब. नुसतं त्याचं नाव घेतलं तरी गार होतं."

ते हसले नाहीत. "काकासाहेब, घागर भरून आणली की वाटेत थोडं सांडतंच. बॅटरीचंही तसंच. भरलं त्यापेक्षा थोडं कमीच परत येतं. हा डबा जास्त देतोय."

"मीटर खुळं असंल."

"बदललं. नवंही तेच सांगतंय."

"मग जास्तीचं येतं कुठून?"

"तेच म्हणतो मी." त्यांनी दाराबाहेर पाहिलं. माळ, पाट्या, फाटकाजवळ बसलेले दाजी, मागं आक्काचं घर. "इथं जास्त होतंय म्हणजे कुठंतरी कमी व्हायला पाहिजे."

मी एसीचं झाकण खोलून आत हात घातला. कॉइलच्या पातळ पत्र्यांनी बोट कापणं आमच्या धंद्यात रोजचंच. कापलं की शिवी हासडायची आणि बोट तोंडात घालायचं. त्या दिवशी शिवी आली नाही. बुटावर रक्त पडलं तेव्हा कळलं की कापलंय. मनगटापर्यंत हात बधिर होता. मी दुसऱ्या हातानं तो दाबून पाहिला. कुणाचा तरी हात हातात घेतल्यासारखं वाटलं.

"मी हा डबा बंद करायला लावतो," व्यंकटराव म्हणाले. "वर कळवतो. काही झालं तरी."

त्यानंतरच्या चकरेला ते डब्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले दिसले. पाठ पत्र्याला टेकलेली. हातात चहा, त्यावर जाड साय धरलेली.

"साहेब, चौथ्याचं काय झालं?"

"चालू द्या."

"पण तुम्ही म्हणाला व्हता..."

"शहराला वीज मिळतेय ना. चालू द्या."

मी त्यांना वकिलाच्या एसीतल्या चिमणीची गोष्ट सांगितली. ती ऐकून एकदा त्यांना ठसका लागला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "मग?"

५

एका दुपारी आक्का दाजींची भाकरी घेऊन फाटकावर आली. डोळे सुजलेले.

"पाखऱ्या गेला रं. सोयगावहून फोन आलता. रात्रीतून बसला, उठलाच नाय."

दाजी चौथ्या डब्याला टेकून बसले होते. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो.

"दाजी, पाखऱ्या..."

"कोण?"

"पाखऱ्या. तुमचा बैल."

"हां," दाजी म्हणाले. "असंल."

त्यांनी भाकरी घेतली, मोडली, खाल्ली. आक्कानं मला फाटकाबाहेर ओढलं.

"बघितलंस? ह्यो माणूस बैलाला गोचीड लागली तर जेवत नव्हता. काक्या, आवतण दिलं, त्यो आला, जेवला. आता उठंना."

"कोण उठंना आक्का? काय बी बोलती."

"मला काय ठावं कोण! रोज एक पान जादा वाढतीय मी. वाढ म्हणून कुणी सांगत नाय. हात आपसूक जातो." ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मला ते बरं वाटलं. त्या माळावर रडणारं तेवढंच एक माणूस राहिलं होतं. "ह्यांना माघारी आण. मला दुसरं काय बी नको."

आणतो म्हणालो. दाजींना म्हटलं, माझ्या घरी गारखेड्याला चला, चार दिवस राहा. ते "चला" म्हणाले. नको म्हणायचं त्यांच्यात राहिलं नव्हतं. माझ्या बायकोनं, द्वारकानं, त्यांना सोफ्यावर बसवलं. बसवलं तिथं ते बसून राहिले. पाणी दिलं तर प्यायले, नाही दिलं तर मागितलं नाही. एका सकाळी उठून बघतो तर दार उघडं. मी साइटवर गेलो तर पैठण रोडनं चालत जाऊन, दुपारी ते डब्याला टेकून बसलेले. टाचा फुटून रक्त आलेलं. मी म्हणालो, दाजी, पाय बघा. त्यांनी पाहिले. दारात काढलेल्या दुसऱ्याच्या चपला बघाव्या, तसे.

दाजी हातचे गेले, हे मला तिथं कळलं. निदान आक्काला तरी काढू, म्हणून मी तिच्या घराकडं वळलो.

६

दार उघडं होतं. भर दुपार. घरात पाय टाकला आणि घामाचा सदरा पाठीला गार चिकटला. तो सूर ऐकू येत होता. आता तो स्वयंपाकघरातून नव्हता, सगळ्या भिंतींतून होता.

आक्का चुलीपुढं. भाकरी फुगली होती.

"ये. बस," ती मागं न बघता म्हणाली.

"आक्का, पिशवी भर. माझ्याबरोबर चल."

"बरं. भाकरी व्हऊ दे."

तिनं तवा उतरवला. उघड्या हातानं. फडकं नाही, सांडशी नाही. कढईचा कान धरावा तसा तिनं तव्याचा काठ धरला, शांतपणे उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. वास माझ्यापर्यंत आला तेव्हा मी ओरडलो. तिनं तळव्याकडं पाहिलं, पदराला पुसला आणि भाकरी टोपल्यात टाकली.

"वाढून ठेवलंय त्यांना," ती म्हणाली. "बघ काय लागतं का."

मी मधल्या खोलीच्या दारात गेलो.

दाजी पाटावर बसले होते. ते कधी आले, माझ्या आधी कसे पोचले, ते मला माहीत नाही. डब्याशी मी त्यांना बसलेलं सोडून आलो होतो. त्यांच्यासमोर पान. पानासमोर आणखी एक पाट, आणखी एक पान, आणि त्यात नुकताच वाढलेला भात. वाफाळता.

वाफ वर जाते. जगातली सगळी वाफ वर जाते, माझा धंदाच त्यावर चालतो. ही वाफ आडवी जात होती. रिकाम्या पाटाच्या वर, बसलेल्या माणसाच्या तोंडापेक्षा जरा खाली, एका जागी जाऊन ती संपत होती. थांबून थांबून. ओढली, थांबली. ओढली, थांबली. आत घेतलेला श्वास कधीतरी बाहेर येतो. मी त्याची वाट बघत उभा राहिलो. तो आला नाही.

मग दाजींनी मान वळवली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली, पौषातल्या पहाटे निघते तशी. तीही आडवी गेली.

मी आक्काचा दंड धरला आणि तिला बाहेर काढलं. दंड गार होता. ती आली. चपला घाल म्हणालो, घातल्या. गाडीत बस म्हणालो, बसली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी घाबरलो नव्हतो. पुढं चितेगावच्या थांब्यावर भज्यांचा वास आला, तेव्हा कुठं भीती आली आणि मी गाडीची दारं आतून लावून घेतली.

७

गारखेड्यात द्वारका रोज आक्काच्या तळव्याला मलम लावायची. फोड फुटले, कातडं सोललं. आक्का टीव्ही बघत बसायची. डॉक्टर म्हणाले, नसा जळल्या असतील, दुखणार नाही. द्वारकाला ते पटलं नाही. मलम लावताना ती रोज विचारायची, "दुखतंय का हो वन्सं?"

"नाय."

मी रोज दारात उभा राहून ते "नाय" ऐकायचो आणि कामाला निघून जायचो. साइटवर जाणं मी सोडलं होतं. आजारी आहे म्हणून सांगितलं.

एक दिवस दुपारी मी स्टुलावर उभा, कुणाच्या तरी बेडरूममध्ये. द्वारकाचा फोन. ती रडत होती की हसत होती ते कळेना. मागं कुणीतरी किंचाळत होतं.

"अहो, वन्सं ओरडल्या! मलम लावलं तर ओरडल्या! मला ढकललं!"

मी ते काम तसंच सोडून पळालो. घरी पोचलो तर आक्का हात धरून लोळत होती, मेले गं आई, मेले गं, आणि आम्ही नवरा-बायको तिच्यापुढं बसून वेड्यासारखे हसत होतो. द्वारकानं देवापुढं साखर ठेवली. त्या दुपारी मी ठेच्याचं बोट जिभेवर ठेवलं आणि नाकातोंडातून पाणी काढलं. गल्लीत एवढं ऊन होतं की कुत्री आपली सावली तोंडात धरून फिरत होती. मी ते आक्काला सांगितलं. ती कण्हता कण्हता म्हणाली, "थापाड्या."

दिवेलागणीला द्वारकानं ट्यूब लावली. आक्का बराच वेळ ट्यूबकडं बघत राहिली.

"पहिले हितं रोज वीज जायची ना रं?"

"जायची. आता नाय जात."

"ह्यातलं किती ह्यांचं असंल?"

ती उठली आणि चांगल्या हातानं बटण बंद केलं. अंधारात तिचा आवाज आला.

"मला उद्या सोड तिकडं."

"आक्का, खुळी का काय? तू सुटलीस."

"मी सुटले. ते एकटेच बसलेत त्याच्यासमोर. वाढायला बी कुणी नाय."

"त्यांना कळत नाय तू हायेस का नाय."

"मला कळतंय की. दुखतंय म्हणून तर चालले, काक्या. दुखत नसतं तर बसले असते हितंच, तुझ्या सोफ्यावर."

द्वारकानं तिच्या पाया पडून सांगितलं. मी शिव्या दिल्या. सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी होती. नसतं नेलं तर ती चालत गेली असती, आणि दाजींच्या टाचा मी पाहिल्या होत्या. मी गाडी काढली. वाटेत ती सगळ्या रस्त्यानं बोलत होती, आमच्या लहानपणीचं, आमची आई विहिरीच्या काठावर बसून माझ्या उवा काढायची ते. फाटकाशी उतरली. दाजी डब्याला टेकलेले होते. ती त्यांच्याजवळ गेली, खाली बसली, आणि तिनं त्यांच्या पायाच्या भेगांवरून पदर फिरवला. रडत होती. मग थकल्यासारखी तिनं पाठ मागं डब्याला टेकली.

मी गाडीत बसून बघत होतो. रडणं लगेच थांबलं नाही. हळूहळू थांबलं, नळ नीट बंद व्हावा तसं.

८

काम मी परत धरलं आहे. साइटवर जावं लागतं, एसी माझ्याशिवाय कुणाला जमत नाहीत. आता तीन-चार डब्यांचे एसी बंदच असतात, त्यामुळं काम कमी झालं आहे. व्यंकटराव साहेब "चालू द्या" म्हणतात. शहरात वीज जात नाही, लोक खूश आहेत.

दुपारी आक्का मला भाकरी आणून देते. भाकरी गार असते. मी खातो. ती समोर बसते. "बरा हायेस का?" असं विचारते. मी बरा आहे म्हणतो. द्वारका म्हणते तुम्ही हल्ली गोष्टी सांगत नाही. काय सांगायचं, काही होतच नाही.

परवा मी आक्काचा हात हातात घेतला. तळव्यावर गुलाबी, ताणलेलं कातडं आलं आहे, भरत आलेल्या जखमेचं. एवढ्या कातडीला नुसता वारा लागला तरी झोंबतं. मी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला.

"दुखतंय का आक्का?"

ती माझ्या अंगठ्याकडं बघत होती.

मी जरा जोरात दाबलं. ती बघत होती. मग अजून जोरात. कातडं पांढरं पडलं, कडेनं फाटलं. थांबायला हवं होतं, पण किती दाबलं की माणसाला दुखतं, ते मलाच आठवेना.